हातचा सुटतोय

महाराष्ट्र शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी एक निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा. दोन महिने आधी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला होता, आणि एरवी फायलीत वर्षानुवर्षं घोरत पडला असता असा हा विषय चक्क मार्गी लागला. बसवाले कुरकुरले, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी कपाळाला हात लावला, पण निर्णय झाला. मी गणिताचा मास्तर. मार्क देताना माझा हात आखडता असतो, तरी या निर्णयाला पैकीच्या पैकी द्यायला माझी ना नाही.

फक्त गणित अर्ध्यावर सोडलंय. भल्या सकाळच्या शाळेने ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ती मुलं चौथीपर्यंतची नाहीत, आठवी ते बारावीची आहेत. त्यांच्याबद्दल या निर्णयात अवाक्षर नाही. उलट इमारत एक आणि पाळ्या दोन असतील तिथे धाकट्यांना नऊनंतर बोलवायचं म्हटलं की सातची पाळी थोरल्यांच्याच गळ्यात पडते. त्यांची झोप वाचवा, एवढंच मागायला मी हे लिहितोय. आणि मागतोय तुमच्याकडे, कारण शासनाकडे मागून झालं की आपण सगळे निवांत होतो.

माझा पहिला तास सात वाजून दहा मिनिटांनी असतो, नववीवर. मुलं पेंगतात हे सगळेच सांगतात, त्यात नवल नाही. मला छळते ती दुसरीच गोष्ट. फळ्यावर समीकरण सोडवायला उठलेला मुलगा पायऱ्या बिनचूक सांगतो. रीत त्याला येते. पण दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत जाताना वजाचं चिन्ह गळून पडतं. कंस सोडवताना बाहेरच्या तिनाने पहिलं पद गुणलं जातं, दुसरं तसंच राहतं. मी विचारतो, ‘अरे, दुसऱ्या पदाचं काय?’ तो फळ्याकडे बघतो, कपाळावर हात मारतो आणि लगेच दुरुस्त करतो. मधल्या सुट्टीनंतर त्याच मुलाला तसंच गणित द्या, सुटतं. पालकसभेत अशा चुकांना आपण ‘धांदरटपणा’ म्हणतो, उत्तरपत्रिकेवर ‘लक्ष नाही’ असा शेरा मारतो आणि घरी आणखी एका तासाचा सराव सांगतो. तो तास कुठून काढायचा? झोपेतूनच.

सत्तेचाळीस गुणिले आठ तोंडी करून पाहा. आठ साते छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच. आठ चोक बत्तीस, बत्तीस आणि पाच सदतीस. तीनशे शहात्तर. बत्तीस म्हणेपर्यंत ते पाच तुम्ही कुठे ठेवले होते? ती जागा म्हणजे वर्किंग मेमरी, पुस्तकी मराठीत कार्यस्मृती. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी तिची नीट मांडणी केली: माहिती काही क्षण धरून ठेवायची आणि धरलेली असतानाच तिच्यावर काम करायचं. जागा लहान असते, एका वेळी चार-पाच गोष्टी मावतात. ओटीपी वाचून दुसऱ्या खिडकीत टाकणं, लांबलचक वाक्याचं क्रियापद येईपर्यंत कर्ता लक्षात ठेवणं, रुग्णाचं वजन आणि औषधाची मात्रा डोक्यात धरून डोस काढणं, सगळं या इवल्या जागेत चालतं. आणि झोप तुटली की पहिल्या घावांपैकी एक इथेच बसतो. पाठ केलेले पाढे शाबूत राहतात, हातचा सुटतो.

मेंदूत तेव्हा काय होतं, हे सिंगापूरच्या मायकेल ची आणि वेई-चिएह चू यांनी स्कॅनरमध्ये पाहिलं. त्यांचा निबंध २००४ मधला. चोवीस तास जागलेल्या तरुणांना त्यांनी दोन कामं दिली. एकात अक्षरं नुसती लक्षात ठेवायची. दुसऱ्यात लक्षात ठेवलेलं प्रत्येक अक्षर मनातल्या मनात एक घर पुढे सरकवायचं, म्हणजे आपल्या भाषेत क दाखवला तर ख धरायचा. दोन्ही कामांत मेंदूच्या काही भागांतली हालचाल मंदावलेली दिसली. पण दुसऱ्या, अवघड कामात कपाळामागच्या भागाचा डावा पट्टा आणि मेंदूला जागं ठेवणारा थॅलॅमस नेहमीपेक्षा जास्त राबताना दिसले. म्हणजे जागरण झालेला मेंदू नुसता मंद होत नाही, तेवढ्याच कामासाठी जास्त घाम गाळतो. ‘मी रात्रभर जागलो तरी पेपर दिला’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पेपर दिला, पण तो कोणत्या भावात पडला हे त्यांच्या मेंदूलाच माहीत.

आणखी खोलात गेलं तर गोष्ट भीतीदायक होते. २०११ मध्ये काही संशोधकांनी उंदरांना जागवलं. डोळे उघडे, चालणं-फिरणं सुरू, आणि तरीही मेंदूतल्या काही पेशी मधूनच क्षणभर बंद पडत होत्या, गाढ झोपेत पडतात तशा. उंदीर पंजाने साखरेची गोळी उचलायला जायचा आणि नेमक्या अशा क्षणी त्याचा पंजा चुकायचा. पुढे २०१७ मध्ये अपस्माराच्या रुग्णांवर असाच अभ्यास झाला. उपचारासाठी त्यांच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या होत्या, त्यामुळे एकेका पेशीची नोंद मिळाली. जागरणानंतर चित्र ओळखताना पेशींचा प्रतिसाद मंद आणि रेंगाळलेला होता. फळ्याशी उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात मी तारा घातलेल्या नाहीत. त्याच्या वजाच्या चिन्हाचं नेमकं काय होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘डोळे उघडे आहेत म्हणजे जागा आहे’ हे समीकरण मी आता कुणाला शिकवत नाही.

आता मोठ्यांच्या आवडीच्या वाक्याकडे वळतो: ‘सवय होते हो.’

२००३ मध्ये अमेरिकेत हान्स व्हॅन डॉन्जेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर प्रयोग केला. काहींना रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार, सलग चौदा दिवस. एका गटाला तीन रात्री झोपूच दिलं नाही. लक्ष आणि वर्किंग मेमरी यांच्या चाचण्या रोज चालू होत्या. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि पंधरवड्याअखेर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसली. यात खरी मेख पुढे आहे. ‘झोप येतेय का’ असं विचारल्यावर हे लोक सांगत, थोडीशी. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना आपण फार पेंगतोय असं वाटेनासंच झालं. सवय झाली होती ती थकव्याची. डोकं घसरतच होतं आणि घसरण मोजायची ती जाणीवही त्याच डोक्यात होती. म्हणून ‘मला सहा तास पुरतात’ असं कुणी सांगितलं की मी त्याच्याशी वाद घालत नाही, चाचणी घ्या म्हणतो. कमी झोपेवर खरोखर भागणारी माणसं जगात आहेत, त्यामागचा जनुकीय बदलही एका कुटुंबात २००९ मध्ये सापडला. पण ती फार दुर्मीळ. आपल्या सोसायटीत दर मजल्यावर दोन, अशी नाहीत.

मुलांचं काय? पुन्हा सिंगापूर. तिथली परीक्षांची हाव आपल्यासारखीच, म्हणून तिथलं उदाहरण आपल्याला जवळचं. १५ ते १९ वयाच्या हुशार विद्यार्थ्यांच्या एका गटाला आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, दुसऱ्याला नऊ तास. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. पाच तासवाल्यांचं लक्ष, वर्किंग मेमरी, मनःस्थिती, सगळंच खाली गेलं. मग दोन रात्री नऊ-नऊ तास झोपू दिलं, तरी लक्ष पूर्वपदावर आलं नाही. म्हणजे ‘रविवारी झोपून घे’ हा आपला घरगुती उपाय फार तर उधारीवरचं व्याज फेडतो.

आठवी-नववीतलं पोर रात्री लवकर झोपत नाही यात मोबाईलचा हात आहेच, मी तो नाकारत नाही. पण मोबाईल नव्हता तेव्हाही या वयात झोप उशिराच यायची. वयात येताना शरीराचं घड्याळ दोन तासांपर्यंत पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. दहा वर्षांचं लेकरू नऊला पेंगतं, पंधराव्या वर्षी तेच पोर अकरापर्यंत टक्क जागं असतं. त्यात त्याचा उर्मटपणा नसतो. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यांची संघटना सांगते. अकराला डोळा लागला आणि पावणेसातची बस पकडायला साडेपाचला उठवलं, तर भरतात साडेसहा. ही वजाबाकी आहे, इथे हातचाही लागत नाही.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं खाली येतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. साडेपाचला उठलेलं पोर रात्री साडेदहाला क्लासचा गृहपाठ उघडतं, तेव्हा ते सतरा तास जागं असतं. अशा अवस्थेत आपण त्याच्या हातात स्कूटर देणार नाही, त्रिकोणमिती देतो.

‘सर, झोपायला आख्खं आयुष्य पडलंय, दहावी एकदाच येते,’ असं मला एक आई म्हणाल्या. त्यांचा राग येत नाही. स्वतः पाचला उठून डबे करणारी बाई आहे ती, तिच्या झोपेचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही. पण एक साधी गोष्ट बघा. दहावी बोर्डाचा पेपर अकराला सुरू होतो. नीटची परीक्षा दुपारी दोनला. जेईईची पहिली पाळी नऊला. पहाटे सहाला देशात एकही महत्त्वाची परीक्षा होत नाही, आणि तयारी मात्र पहाटे सहाच्या बॅचला! ब्राह्ममुहूर्ताचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ज्या काळात लोक त्या वेळी उठत, त्या काळात दिवेलागणीनंतर जेवणं उरकून घरं निजायची. लवकर निजण्याची आणि लवकर उठण्याची ती जुनी म्हण आपण उत्तरार्धापासून पाळायला लागलो.

रात्र जागवून केलेल्या अभ्यासाचं आणखी एक दुखणं. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं मोठं काम मेंदू झोपेतच करतो. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दिवसाच्या घडामोडींची उजळणी करतो आणि त्यातलं टिकवायचं ते मेंदूच्या सालीकडे सोपवतो. अमेरिकेच्या एमआयटीमध्ये रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: परीक्षेच्या फक्त आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्यांत नियमित आणि पुरेशी झोप घेणाऱ्यांचे गुण मात्र चांगले होते. पेपरच्या आदल्या रात्री ‘आज लवकर झोप हं बाळा’ म्हणणाऱ्या आईबाबांना यात काय ते कळावं.

झोप काही मुलांचीच लुटली जात नाही. रात्रीची लाईट मिळते म्हणून विंचवाकाट्यातून पाणी धरायला जाणारा शेतकरी वर्षानुवर्षं ‘दिवसा वीज द्या’ म्हणतोय. निवासी डॉक्टरांची ड्युटी सलग बारा तासांपेक्षा जास्त नको, हे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत लिहिलेलं आहे, आणि वॉर्डात ते कुणी मनावर घेत नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्या मोडून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की जुन्या पद्धतीत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. तो निबंध २००४ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोपेला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ६४ वर्षांच्या माणसाचा जबाब रात्रभर नोंदवल्याबद्दल सक्तवसुली संचालनालयाला खडसावलं, आणि झोप हिरावल्याने माणसाची आकलनशक्ती बिघडते हेही स्पष्ट सांगितलं. चौकशीला बोलावलेल्या माणसाला जे संरक्षण मिळालं, ते नववीतल्या मुलीला मिळू नये?

हे होण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २०१६ मध्ये हायस्कुलं ७.५० ऐवजी ८.४५ ला भरायला लागली. ‘मुलं तेवढीच उशिरा झोपतील’ असं तिथेही लोक म्हणाले होते. मोजलं तर झोप ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही असा कायदाच आहे. आणि सिंगापूरच्या नान्यांग गर्ल्स हायस्कूलने तर कायद्याची वाट न बघता शाळा ४५ मिनिटं पुढे ढकलली. साडेसातची सव्वाआठ. महिनाभराने आणि पुढे नऊ महिन्यांनी तपासलं, तेव्हा मुली पूर्वीपेक्षा जास्त वेळ अंथरुणात होत्या, दिवसा कमी पेंगत होत्या. एका शाळेने ठरवलं आणि केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मुख्याध्यापकांनो, आधी तुमच्याशी बोलतो, कारण तुम्ही माझ्यातलेच. आठवी ते बारावीचा पहिला तास साडेआठच्या आधी नको. दोन पाळ्यांची शाळा असेल तर साडेआठ जमणार नाही, मला माहीत आहे, खोल्यांचं कोडं मीही वर्षानुवर्षं बघतोय. मग आठ करा. शून्य तास बंद करा, परिपाठ दहा मिनिटांत आवरा, तासिका पाच-पाच मिनिटांनी कापा. जागं पोर पस्तीस मिनिटांत जेवढं शिकतं, तेवढं पेंगणारं पोर चाळीस मिनिटांत शिकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळची शाळा लागते ती उन्हापायी, तिला माझा विरोध नाही. जून ते फेब्रुवारी तर आपल्या हातात आहे.

क्लासवाल्यांनो, सहाची बॅच बंद करा आणि रात्रीची आठला संपवा. एकट्याने केलं तर मुलं शेजारच्या क्लासला जातील ही तुमची भीती खरी आहे, म्हणून गावातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. फी ठरवताना बसताच की. आणि माझ्या शिक्षक मित्रांनो, रात्री दहाला वर्गाच्या ग्रुपवर ‘उद्या वही तपासणार’ असा मेसेज टाकायचा नाही. तो वाचून तीस घरांत दिवे लागतात.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही हात जोडतो. रात्री दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षात फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट मिळते. त्या पंधरा दिवसांत आम्हीही नाचायला येऊ, बाकीच्या रात्री पोरांच्या.

पालकांना काय सांगू? मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, पण आधी स्वतःचा. मुलगी दहाला झोपली तर ‘अभ्यास झाला का’ हा प्रश्न गिळा. शेजारचा मुलगा दोनपर्यंत जागतो ही बातमी तिला सांगू नका. आणि ‘धांदरट’ हा शिक्का मारण्याआधी एक महिना तिला आठ तास झोपू द्या, मग तिची वही बघा.

हे घरापुरतं. शाळेची वेळ मात्र एकट्यादुकट्याने बदलत नाही, पाच-पन्नास सह्या लागतात. पालक-शिक्षक संघाची सभा दर वर्षी होते. गणवेश, सहल, बसभाडं यांवर भांडून लोक घरी जातात. या वर्षी सभेच्या आठवडाभर आधी एक पानी अर्ज द्या. आठवी ते बारावीची वेळ पुढे नेण्याचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, चर्चेची नोंद इतिवृत्तात व्हावी, आणि एक सत्र तरी हा बदल करून बघावा, एवढंच त्यात लिहा. चौथीसाठी शासननिर्णय आहेच, त्याची प्रत जोडा. कार्यालयात पोच मागा, तारखेसह.